विजेची मोटार वाटेत थांबते तेव्हा

वाहन आणि विघ्न ही जोडी फार जुनी आहे. बैलगाडीचा आस मोडे तेव्हा सुतार शोधावा लागे; टांग्याच्या घोड्याची नाल निखळे तेव्हा लोहाराची भट्टी गाठावी लागे; पुढे मोटारी आल्या आणि हमरस्त्यांच्या कडेला तेलकट कपड्यांतले मिस्त्री दिसू लागले. प्रत्येक वाहनाने आपले विघ्न बरोबर आणले आणि कालांतराने त्या विघ्नावरचा उतारा जाणणारा माणूसही घडविला. मात्र वाहन आधी येते आणि तो माणूस मागाहून येतो. या दोहोंच्या मधल्या काळात प्रवाशांची जी अवस्था होते, तीच आज विजेच्या मोटारीतून परगावी निघालेल्या एखाद्या कुटुंबाच्या वाट्याला अधूनमधून येते.

पेट्रोलच्या मोटारीचा असा मधला काळ कसा गेला हे पाहण्यासारखे आहे. १८८८ च्या ऑगस्ट महिन्यात जर्मनीत बर्था बेंझ ही स्त्री, पतीने तयार केलेल्या तीनचाकी मोटारीत आपल्या दोन मुलांना बसवून, मानहाइमहून फोर्त्सहाइम या आपल्या माहेरच्या गावी गेली. अंतर सुमारे १०० किलोमीटर. वाटेत इंधन संपले, तेव्हा एका गावच्या औषधाच्या दुकानातून तिने लिग्रोइन नावाचा ज्वालाग्राही द्रव विकत घेतला. इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या टाचणीने मोकळी केली. एक तार उघडी पडली, तिला मोज्याच्या बंधाचे वेष्टण दिले. ब्रेकचे लाकूड झिजले, तेव्हा पादत्राणे शिवणाऱ्या कारागिराकडून त्यावर चामडे ठोकून घेतले. चढावर मुलांनी गाडी ढकलली. एका प्रवासात इतकी विघ्ने आली; परंतु प्रत्येक विघ्नाचा उपाय हाताशी असलेल्या वस्तूने झाला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

पेट्रोलच्या मोटारीचे हे वैशिष्ट्य पुढेही टिकले. तिचा बिघाड कानाला ऐकू येई, नाकाला कळे, हाताला सापडे. पट्टा तुटला तर दोरीवर काम भागवावे, पाणी आटले तर विहिरीवरून बादली आणावी, आणि काहीच सुचले नाही तर प्रवाशांनी खाली उतरून धक्का मारावा, हा भारतातील रस्त्यांवरचा रिवाजच होऊन बसला. विजेच्या मोटारीत यांतले काही चालत नाही. तिला धक्का मारून सुरू करता येत नाही. ती थांबते ती आवाज न करता, आणि का थांबली हे पडद्यावरच्या एका ओळीखेरीज कोठे उमटत नाही. तो पडदाही काळा झाला असेल, तर अनुभवी चालकसुद्धा गोंधळून जातो.

वस्तुतः विजेची मोटार ही काही कालपरवाची वस्तू नव्हे. २९ एप्रिल १८९९ रोजी कामीय जेनात्सी याने पॅरिसजवळ आपली विजेवर चालणारी मोटार ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाने हाकली. रस्त्यावरच्या वाहनाने ही मर्यादा ओलांडण्याची ती पहिली वेळ. पुढे १९१२ साली पेट्रोलच्या मोटारीत विजेचा स्टार्टर आला, हाताने हँडल फिरवण्याचे कष्ट संपले आणि विजेच्या मोटारीचे मुख्य आकर्षण ओसरले. तिचे पुनरुज्जीवन व्हायला लिथियमची बॅटरी यावी लागली. ही बॅटरी १९९१ मध्ये प्रथम बाजारात आली, आणि तिच्या शोधाबद्दल २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक तिघा शास्त्रज्ञांना मिळाले. भारतात २००१ साली बंगळुरूहून ‘रेवा’ ही चिमुकली मोटार निघाली. पण ती शहरात फिरण्यापुरती. घाट चढून परगावी जाण्याचे बळ असलेल्या मोटारी सामान्य कुटुंबाच्या दारी दिसू लागल्या, त्या २०२० नंतर. म्हणजे रस्त्याला या वाहनाची ओळख होऊन अवघी थोडी वर्षे झाली आहेत.

परगावी ही मोटार थांबण्याची जी कारणे आहेत, त्यांपैकी ज्याची धास्ती सर्वांत अधिक ते म्हणजे चार्ज संपणे. यामागे साधे गणित आहे. एका लिटर पेट्रोलात सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. विजेच्या मध्यम मोटारीची संपूर्ण बॅटरी ४० युनिटांच्या आसपास आणि तिचे वजन काहीशे किलो. विजेची मोटार ऊर्जा फार काटकसरीने वापरते, एका युनिटात सहा-सात किलोमीटर जाते, म्हणून तर हे जमते. पण साठा मुळात मर्यादित असल्यामुळे उधळपट्टी लगेच जाणवते. वेग ताशी १०० वरून ७० वर आणला, तर हवेचा विरोध जवळजवळ निम्मा होतो. चार्ज झपाट्याने उतरत असताना चालकाच्या हाती असलेला सर्वांत मोठा उपाय हाच. पुष्कळदा मात्र चालक घाबरून लवकर पोचण्यासाठी वेग वाढवतो आणि जे टाळायचे तेच ओढवून घेतो.

दुसरी फसगत घाटाची. पुण्याहून कोकणात उतरणाऱ्या कुटुंबाला मुक्कामी पोचल्यावर बॅटरीत अपेक्षेपेक्षा अधिक चार्ज दिसतो, कारण उतारावर मोटारच जनित्राचे काम करते आणि काही वीज परत साठते. यजमानाच्या घरी आनंदीआनंद होतो. परतीच्या दिवशी तोच रस्ता हिशेब चुकता करून घेतो. माणसे आणि सामान धरून १,८०० किलो वजन ६०० मीटर उंच चढवायचे, तर केवळ त्या चढासाठी जवळजवळ ३ युनिट लागतात. वाया जाणारी ऊर्जा जमेस धरली तर त्याहून थोडी अधिक. म्हणजे सपाटीवरच्या सुमारे २० किलोमीटरांचा पल्ला घाट गिळून टाकतो. इंदूरच्या मराठी कुटुंबालाही हाच अनुभव येतो: खानदेशाकडे येताना मानपूरपुढचा घाट उतरून नर्मदेकाठच्या खलघाटाला पोचणे सोपे, घरी परतताना तोच घाट चढणे महाग. म्हणून जाताना इतके उरले, तेव्हा येतानाही तितकेच उरेल, हे अनुमान डोंगराळ मुलखात कधीही करू नये. मुक्कामी पोचताना पाचवा हिस्सा चार्ज शिल्लक राहील अशी आखणी करावी, आणि ठरवलेले चार्जिंग स्टेशन बंद निघाले तर दुसरे कोणते, हे निघण्यापूर्वीच टिपून ठेवावे.

स्टेशन बंद निघणे ही गोष्ट विरळा नाही. नकाशावर दिवा हिरवा असतो आणि प्रत्यक्षात गावची वीज गेलेली असते, किंवा यंत्र उभे असते पण त्याचा दूरसंपर्क तुटलेला असतो. निरनिराळ्या कंपन्यांची निरनिराळी ॲप असतात. त्यांत नाव नोंदवून थोडे पैसे भरून ठेवावे लागतात, आणि घाटात मोबाइलला संपर्क नसतो तेव्हा हे करणे अशक्य होते. ही नोंदणी घरी बसून करावी. ज्या हॉटेलाच्या आवारात यंत्र आहे तेथे आदल्या ठाण्यावरून फोन करून ते चालू आहे का हे विचारून घ्यावे. दोन मिनिटांचा हा फोन कधीकधी चार तासांचा खोळंबा वाचवतो.

इतकी सावधगिरी बाळगूनही चार्ज संपत आलाच, तर गाडी पूर्ण थांबेपर्यंत ताणू नये. शेवटच्या टप्प्यात मोटार आपली शक्ती आपणच कमी करते. तो इशारा समजून वस्ती असलेल्या ठिकाणी, रस्त्याच्या बाहेर, सपाट जागी ती उभी करावी. कारण वस्ती म्हणजे वीज. साध्या घरातल्या १६ अँपिअरच्या सॉकेटवरून गाडीबरोबर मिळालेल्या चार्जरने तासाला सुमारे ३ युनिट, म्हणजे १५ ते २० किलोमीटर चालेल इतका चार्ज मिळतो. तीन तास थांबले तर पुढचे मोठे चार्जिंग स्टेशन गाठता येते. गावात पिठाची गिरणी किंवा वेल्डिंगचे दुकान असेल, तर तेथील जोडणी बहुधा घरच्यापेक्षा भक्कम असते.

येथे मात्र एक अडचण अशी उद्भवते की जिची कल्पना शहरातल्या मोटारमालकाला सहसा नसते. सॉकेट असते, वीज असते, घरधनी आपुलकीने परवानगी देतो; परंतु चार्जरवर तांबडा दिवा लुकलुकत राहतो आणि चार्जिंग सुरू होत नाही. याचे कारण बहुतेक वेळा अर्थिंग. सॉकेटच्या तिसऱ्या, मोठ्या छिद्रामागची तार जमिनीत नीट पोचलेली आहे की नाही, हे चार्जर आधी तपासतो, आणि ती नसेल तर काम करण्याचे नाकारतो. कित्येक घरांत ती तार नावापुरती असते. कोठे ती तुटलेली असते, कोठे मीठ आणि कोळसा घालून केलेला अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत झालेला असतो. दख्खनचा काळा पाषाण आणि कोकणातला जांभा कोरडे असताना वीज जमिनीत सहज जिरू देत नाहीत. खड्ड्यात चार बादल्या पाणी ओतले आणि चार्जर सुरू झाला, असेही घडते. पण न्यूट्रलची तार अर्थिंगला जोडून चार्जरची फसवणूक करण्याचा जो तोडगा काही ठिकाणी सुचवला जातो, तो कधीही पत्करू नये. मागे कोठे न्यूट्रल तुटली, तर त्याच तारेने मोटारीच्या पत्र्यात वीज उतरू शकते, आणि गाडीला हात लावणारे पहिले पोर घरातलेच असण्याचा संभव असतो.

दुसऱ्याच्या घरची वीज वापरण्याचे काही संकेतही पाळायला हवेत. चार्जिंग चालू असताना त्याच घरात पंप आणि गीझर लावू नये अशी विनंती करावी. वायरचे वेटोळे तसेच ठेवू नये, ते पूर्ण सोडावे. नाहीतर ते तापते. दहा मिनिटांनी प्लगला हात लावून पाहावा, तो चटका देत असेल तर काम थांबवावे. आणि निघताना वापरलेले युनिट मोजून पैसे पुढे करावेत. घरधनी बहुधा ते घेत नाही. तरी हिशेब सांगणे हे पाहुण्याचे कर्तव्य आहे, कारण पुढच्या खेपेला येणाऱ्या परक्या प्रवाशाचे स्वागत त्या हिशेबावर अवलंबून असते.

चार्ज भरपूर असूनही मोटार मृतवत पडते, हा दुसरा प्रकार अधिक बुचकळ्यात टाकणारा आहे. रात्री मुक्कामी उभी केलेली गाडी सकाळी दार उघडत नाही, पडदा लागत नाही, काहीच होत नाही. याचा उगम त्या १९१२ सालच्या स्टार्टरपाशी नेता येतो. त्याच्याबरोबर मोटारीत शिरलेली शिशाची छोटी बॅटरी आजही बहुतेक विजेच्या मोटारींत ठाण मांडून आहे. दारे, दिवे, पडदा आणि संगणक यांना १२ व्होल्टची वीज तीच पुरवते. इतकेच नव्हे, तर मोठ्या बॅटरीला मोटारीशी जोडणारे स्विचही तिच्याच जोरावर मिटतात. ती मेली की ४० युनिटांचा साठा असूनही मोटार जागची हलत नाही. कोठाराला कुलूप आणि किल्ली हरवलेली, अशी ही गत होते. विजेच्या मोटारीला परास्त करणाऱ्या या छोट्या बॅटरीने तिच्याच पोटात राहून पुन्हा तिला अडवावे, हा इतिहासाचा विनोदच म्हणायचा.

सुदैवाने याचा उपाय जुना आणि स्वस्त आहे. रिमोटच्या आत दडवलेल्या लोखंडी किल्लीने चालकाचे दार उघडावे, पुस्तिकेत पाहून छोटी बॅटरी कोठे आहे ते शोधावे आणि दुसऱ्या बॅटरीच्या तारा जोडून तिला तात्पुरता आधार द्यावा. मोटार एकदा जागी झाली की मोठी बॅटरी छोटीला आपोआप भरू लागते. हे काम कोणत्याही गावचा मिस्त्री करू शकतो, फक्त तारा छोट्या बॅटरीलाच जोडायच्या हे त्याला सांगायला हवे. उलट, बंद पडलेल्या पेट्रोलच्या गाडीला आपल्या विजेच्या मोटारीवरून आधार देण्याचे औदार्य दाखवू नये. स्टार्टरला लागणारा प्रचंड प्रवाह देण्यासाठी तिची रचना सहसा केलेली नसते, आणि अनेक उत्पादक तसे करण्यास स्पष्ट मनाई करतात.

काही किरकोळ विघ्ने केवळ धीराने सुटतात. पडद्यावर दोषाची सूचना आली, तर गाडी बंद करून, कुलूप लावून, पाच-दहा मिनिटे दूर उभे राहावे. संगणक झोपी जाऊन पुन्हा उठले की ती सूचना पुष्कळदा नाहीशी होते. चार्जिंग गन सॉकेटात अडकून बसली, तर हिसका देऊ नये. किल्लीने कुलूप दोन-तीनदा लावून उघडावे. तेवढ्याने भागले नाही तर गन हाताने सोडवण्याची सोय कोठे आहे ते पुस्तिकेत पाहावे. पंक्चर मात्र पूर्वीचेच, आणि पंक्चरवालाही पूर्वीचाच. त्याला एवढेच सांगावे की जॅक ठरलेल्या खुणेवरच लावायचा, कारण गाडीच्या पोटाखाली सर्वत्र बॅटरी पसरलेली आहे. अनेक मोटारींत जादा चाक दिलेलेच नसते. ते आहे की नाही हे निघण्यापूर्वी पाहिलेले बरे.

गाडी ओढून नेण्याची वेळ आली, तर आग्रह धरण्याची एकच गोष्ट आहे: चारही चाके वर घेणारा सपाट पाठीचा ट्रक. विजेच्या बहुतेक मोटारींत मोटारीचे चाक फिरले की आतले यंत्रही फिरते आणि वीज निर्माण करते; दोरीने मैलोगणती ओढत नेल्यास यंत्राची हानी होण्याचा धोका असतो. घाईत असलेला क्रेनवाला हे मान्य करीलच असे नाही; पण तेथे चालकाने नम्रपणे अडून राहावे. तोवर गाडीतील माणसे कठड्यापलीकडे उभी करावीत. छोटी बॅटरी मेलेली असेल तर धोक्याचे दिवेही लुकलुकत नाहीत, म्हणून तांबडा त्रिकोण आणि एक वेगळी विजेरी सामानात असलीच पाहिजे. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आणि कोणत्याही संकटात ११२ हे क्रमांक घरातल्या सर्वांना पाठ असावेत.

काही प्रसंगी मात्र काहीही न करणे हेच शहाणपण ठरते. बॉनेटखाली दिसणाऱ्या नारिंगी तारांत काहीशे व्होल्ट खेळत असतात. त्यांना ना चालकाने हात लावावा, ना गावच्या मिस्त्रीने. पुराच्या पाण्यात बुडालेली मोटार वरून सुकलेली दिसली, तरी ती सुरू करू नये आणि चार्जिंगलाही लावू नये. खाऱ्या पाण्याच्या बाबतीत तर मुळीच नाही. बॅटरीच्या बाजूने सळसळ ऐकू आली, पांढरा धूर निघू लागला, तर सामानाचा मोह सोडून सर्वांनी दूर जावे. अशा आगी क्वचित लागतात. पण लागल्या तर त्यांचा धूर विषारी असतो, त्या विझवायला फार पाणी लागते, आणि विझल्यासारखी वाटणारी आग काही तासांनी पुन्हा पेट घेऊ शकते.

या सगळ्याचा विचार केला म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. परगावी अडलेल्या विजेच्या मोटारीत यंत्र मोडलेले क्वचितच असते. तुटलेला असतो तो एखादा लहानसा दुवा: कोरडा पडलेला अर्थिंगचा खड्डा, जुनी झालेली छोटी बॅटरी, न उचललेला फोन, न वाचलेली पुस्तिका. हे दुवे अर्धे प्रवाशाच्या हाती आणि अर्धे रस्त्याकाठच्या समाजाच्या हाती आहेत. चार्जिंग स्टेशन चालवायला वीजविक्रीचा परवाना लागत नाही, हे केंद्र सरकारने २०१८ मध्येच स्पष्ट केले. महामार्गावर दर २५ किलोमीटरला दोन्ही बाजूंस स्टेशन असावे, अशी अपेक्षाही त्याच वर्षीच्या मार्गदर्शक सूचनांत व्यक्त झाली. यंत्रे उभी राहतीलही. परंतु ज्या पोरांनी वडिलांच्या गॅरेजात बसून कार्ब्युरेटर खोलायला शिकून घेतले, त्यांच्या मुलांना हे नवे शास्त्र कोण शिकवणार, हा प्रश्न त्या यंत्रांहून मोठा आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या वर्गात हे शिक्षण द्यायला हवेच. पण ते ढाब्याच्या मालकापर्यंत, गिरणीवाल्यापर्यंत आणि गावच्या वायरमनपर्यंतही पोचले पाहिजे.

ते पोचवण्याचे काम अडलेला प्रवासीच थोडेफार करू शकतो. तीन तास ज्या अंगणात त्याची मोटार उभी असते, तेथे तांबडा दिवा का लागला हे त्याने घरधन्याला समजावून सांगितले, तर दुसऱ्या दिवशी वायरमन बोलावला जाईल आणि अर्थिंगचा खड्डा नव्याने भरला जाईल. पुढच्या प्रवाशाची त्याने सोय होईल, हे तर खरेच. पण त्याच तारेवर त्या घरातला फ्रिज, पंप आणि कपडे धुण्याचे यंत्र चालते, आणि ओल्या हाताने रोज त्यांना स्पर्श करणारी माणसे त्या घरातलीच असतात.